इलेक्ट्रिक गाडी घेताय? आधी पार्किंगमधला प्लग बघा

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की बोलणं रेंजवरून सुरू होतं. जाहिरातीत चारशे-साडेचारशे किलोमीटर लिहिलेत, खरे किती मिळतात? बॅटरी किती वर्षं टिकेल? वाटेत चार्जिंग संपलं तर? प्रश्न रास्त आहेत, पण माझ्या मते ते दुसऱ्या नंबरचे. पहिला प्रश्न हा, की रात्री गाडी जिथे उभी राहणार तिथे तुमच्या हक्काचा, नीट अर्थिंग असलेला प्लग आहे का? असेल, तर ही गाडी सांभाळणं पेट्रोलच्या गाडीपेक्षा सोपं जातं. नसेल आणि 'बघू, सोसायटीशी बोलून घेऊ' एवढ्यावरच मामला असेल, तर शोरूममध्ये टोकनचे पैसे भरू नका. आधी सोसायटीशी बोला, लेखी परवानगी हातात घ्या, वायर ओढून घ्या. गाडी महिनाभर उशिरा आली तर काही बिघडत नाही. गाडी दारात आणि प्लगचा पत्ता नाही, अशा अवस्थेत दर दोन-तीन दिवसांनी सार्वजनिक चार्जरवर तासभर ताटकळणाऱ्या माणसाचा या गाडीवरचा जीव लवकरच उडतो.

रोजचा हिशेब घ्या. नोकरीसाठी जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर होतात असं धरा. शहरात छोटी किंवा मध्यम इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला साधारण सात किलोमीटर देते. म्हणजे दिवसाला सहा युनिटं. पोर्टेबल चार्जर साध्या 15 अँपिअरच्या प्लगवर चालतो आणि तासाला दोन ते तीन युनिटं भरतो. रात्री दहाला लावला तर एकच्या सुमारास दिवसभराची भरपाई झालेली असते. बाकीची रात्र गाडी नुसती उभी. म्हणून 7 किलोवॉटचा वॉलबॉक्स प्रत्येकाला लागतोच असं नाही. रोजचं रनिंग शंभराच्या वर असेल, घरात दोन ईव्ही असतील किंवा बॅटरी साठ-ऐंशी युनिटांची असेल तर तो जरूर घ्यावा, पण त्यासाठी वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. बाकीच्यांना साधा, पण खणखणीत केलेला 15 अँपिअरचा पॉइंट पुरतो.

खणखणीत म्हणजे काय, ते इथे सविस्तर सांगतो, कारण घरच्या चार्जिंगच्या बहुतेक तक्रारींचं मूळ याच ठिकाणी असतं.

वायर, सॉकेट आणि अर्थिंग

गिझर अर्ध्या तासात बंद होतो. इस्त्री थांबून थांबून वीज घेते. गाडीचा चार्जर मात्र दहा-बारा अँपिअर सलग आठ-दहा तास ओढतो. घरातल्या वायरिंगची अशी परीक्षा दुसरं कुठलंही उपकरण घेत नाही. म्हणून पॉइंट गाडीसाठी स्वतंत्र हवा. मीटरपासून थेट 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिला स्वतःचा एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (किंवा दोन्ही एकत्र असलेला आरसीबीओ). अंतर फार असेल तर 6 चौरस मिलिमीटरची वायर घ्या, नाहीतर शेवटपर्यंत व्होल्टेज पडतं. सॉकेट चांगल्या कंपनीचा, औद्योगिक वापराचा घेतलात तर उत्तम. स्वस्त सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या सततच्या उष्णतेने सैल होतात, पिन ढिली बसते, ढिल्या पिनेमुळे आणखी तापतं आणि एके दिवशी प्लगचं प्लास्टिक वितळलेलं दिसतं. नवा पॉइंट वापरायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर ताबडतोब बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. एक्स्टेन्शन बोर्ड तर वापरूच नका, कितीही जाडजूड दिसला तरी.

आता अर्थिंग. आपल्याकडे कित्येक घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्याच्यामागे काहीच जोडलेलं नसतं. दिवे-पंखे त्यावाचून वर्षानुवर्षं चालतात, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर लाल दिवा लावून बसतो. अशा वेळी 'साहेब, एक जुगाड करून देतो, चालू होईल' असं म्हणणारा भेटतो. न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून तो चार्जरला फसवतो. हे कदापि करू देऊ नका. वरून न्यूट्रल तुटली तर गाडीच्या संपूर्ण धातूच्या अंगात करंट उतरू शकतो, आणि पावसात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून दार उघडायला जाणारं घरातलंच कुणीतरी असतं. योग्य उपाय म्हणजे अर्थिंगचा खड्डा. त्यात तांब्याची किंवा जीआयची पट्टी अथवा पाइप, भोवती कोळसा-मीठ किंवा तयार केमिकल कंपाउंड. काम झाल्यावर इलेक्ट्रिशियनला मीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज तुमच्यासमोर मोजायला सांगा. एक-दोन व्होल्टच्या आत आलं तर चांगलं. उन्हाळ्यात जमीन सुकली की हे व्होल्टेज वाढतं, म्हणून मार्च ते मे या काळात खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा.

सोसायटीची परवानगी

कमिटीच्या मनात भीती असते ती आगीची, लोड वाढण्याची आणि उद्या सगळेच मागतील याची. यातली एकही भीती हसण्यावारी नेऊ नका. कमिटीत बसलेले लोक फुकट काम करतात आणि काही झालं तर पहिला जाब त्यांनाच विचारला जातो. अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराने काढलेला आराखडा जोडा: वायर कुठून कुठे जाणार, कोणत्या मापाची, मीटर-रूममध्ये एमसीबी कुठे बसणार. मंजूर भाराचा कागद जोडा. 15 अँपिअरचा पॉइंट एका गिझरइतकाच भार घेतो, हे कमिटीला समजावून सांगा. इमारतीत सकाळी तीस-चाळीस गिझर एकदम चालतात, गाड्या मात्र रात्री अकरानंतर, इमारत झोपलेली असताना भरतात.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रहिवाशाला आपल्या सध्याच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते किंवा त्यासाठी वेगळी जोडणी मागता येते. सोसायटीला स्वतःचा चार्जर बसवून सभासदांकडून पैसे घ्यायचे असतील, तरी वीजविक्रीचा परवाना लागत नाही. चार्जिंग ही सेवा आहे, असं मंत्रालयाने 2018 मध्येच स्पष्ट केलं होतं. हे कागद छापून सोबत न्या, पण टेबलावर आपटू नका. ज्यांच्याशी वीस वर्षं शेजार करायचा, त्यांच्याशी कायद्याच्या भाषेत सुरुवात करू नये.

सगळ्यात स्वच्छ पद्धत म्हणजे तुमच्याच फ्लॅटच्या मीटरवरून तुमच्या पार्किंगपर्यंत वायर. जिन्याच्या आणि लिफ्टच्या कॉमन मीटरवरून जोडणी घेऊन 'महिन्याला हजार रुपये देतो' असा तोंडी व्यवहार करू नका. त्यातून भांडणं हमखास होतात. कॉमन मीटरशिवाय गत्यंतर नसेल तर सब-मीटर लावून घ्या आणि दर महिन्याच्या आकड्याचा फोटो खजिनदारांच्या मोबाइलवर पाठवत जा. पार्किंग यांत्रिक, म्हणजे एकावर एक गाड्या चढवण्याचं असेल, तर तिथे वायर नेणं अवघड असतं. मग जमिनीवरच्या एखाद्या जागेत सामायिक चार्जर आणि वेळांचा तक्ता हाच मार्ग उरतो. तोही जमत नसेल आणि ऑफिसमध्येही प्लग नसेल, तर माझा सल्ला आहे की तूर्त ही गाडी घेऊ नका.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी करारनाम्यात पॉइंटचा उल्लेख करून घ्यावा, आणि घर सोडताना वायर-एमसीबी कुणाचं हेही त्यात लिहावं.

बिलाचा खरा आकडा

'रुपया-सव्वा रुपयात किलोमीटर' हे शोरूममधलं वाक्य प्रत्येकाच्या बाबतीत खरं ठरत नाही. आपल्या घरगुती बिलात टप्पे असतात: शंभर युनिटांपर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा आणि पाचशेवर चौथा. गाडीची युनिटं तुमच्या नेहमीच्या वापराच्या डोक्यावर येऊन बसतात, म्हणजे ती वरच्या टप्प्यात मोजली जातात. महिन्याला हजार किलोमीटर चालवलं तर बॅटरीत 143 युनिटं जातात. चार्ज होताना दहा-बारा टक्के वीज वाया जाते, त्यामुळे मीटरवर साधारण 160 दिसतात. घरचा वापर आधीच दोनशेचा असेल तर त्यातली शंभर दुसऱ्या टप्प्यात आणि साठ तिसऱ्या टप्प्यात पडणार. महावितरणच्या दरांत तिसरा टप्पा पहिल्याच्या दुपटीहून महाग आहे. म्हणून शेवटची बारा बिलं समोर ठेवा, प्रत्येकात 160 मिळवून बघा, आणि मगच बचतीचा आकडा घरात सांगा. पेट्रोलच्या मानाने बचत तरीही भरपूर होते. पंधराचं अॅव्हरेज देणाऱ्या गाडीला शंभराच्या पुढचं पेट्रोल घातलं की किलोमीटरला सात रुपये जातातच.

घरात एसी आहे आणि उन्हाळ्यात बिल चारशे-पाचशे युनिटांवर जातं, अशांनी ईव्हीसाठी स्वतंत्र मीटरची चौकशी करावी. त्या वर्गाचा दर टप्प्यांत चढत नाही, पण स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. रनिंग कमी असेल तर तो परवडत नाही, जास्त असेल तर परवडतो. स्वतःचं घर आणि स्वतःचं छत असणाऱ्यांचं गणित आणखी सोपं आहे. आपल्याकडे एक किलोवॉटचे सोलर पॅनल दिवसाला सरासरी चार युनिटं देतात, म्हणजे हजार किलोमीटरच्या गाडीसाठी दीड किलोवॉट जादा बसवले की झालं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटपर्यंत कमाल 78,000 रुपयांचं अनुदान आहे. छतावरचं सोलर करायचंच असेल तर गाडीचा वापर धरूनच क्षमता ठरवा, मागाहून वाढवणं कटकटीचं होतं.

बाहेरगावी जाताना

एक सोपा नियम सांगतो. बॅटरीचा युनिटांतला आकडा पाचने गुणा. चाळीस युनिटांची बॅटरी असेल तर दोनशे किलोमीटर. हायवेवर एका दमात एवढंच धरून चाला, मग तुमच्या हातात थोडी शिल्लकही राहते. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. हायवेवर खरा शत्रू वेग असतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ऐंशीने जाताना जेवढा विरोध, त्याच्या दीडपट शंभरला आणि सव्वादोन पट एकशेवीसला. समृद्धी महामार्गावर 120 ची मुभा आहे, म्हणून तिथे सलग 120 ने निघालात तर वर्धा-अमरावतीच्या उन्हात टक्के डोळ्यांसमोर उतरताना दिसतील. नव्वदने चालवा. चार्जिंगचा एक थांबा वाचतो आणि एकूण वेळ जवळपास तेवढाच लागतो.

एसीची आणि ट्रॅफिकची भीती मात्र अनाठायी आहे. उभ्या गाडीत एसी तासाला साधारण एक युनिट घेतो, म्हणजे पाच-सात किलोमीटर. खंडाळ्यात दोन तास अडकलात तरी दहा-पंधरा किलोमीटरचाच फटका. घाटाचंही तसंच. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास चढायचं असतं, त्यासाठी नेहमीपेक्षा तीनेक युनिटं जास्त लागतात. त्यातली निम्म्याहून अधिक उतरताना परत मिळतात, कारण ब्रेक लावताना मोटर वीज तयार करून बॅटरीत भरते. फक्त लोणावळा किंवा महाबळेश्वरला मुक्काम करून निघताना शंभर टक्के भरून घाट उतरू नका. बॅटरीत जागाच नसेल तर ही वीज घ्यायला गाडी नकार देते, आणि एरवी पाय काढताच मंदावणारी गाडी उतारावर अचानक मोकळी सुटल्यासारखी वाटते. नव्वद टक्क्यांना थांबा.

आता रस्त्यावरचे चार्जर. नकाशावर हिरवा ठिपका दिसतो म्हणजे चार्जर चालू आहेच, असं समजू नका. मशीन चालू असतं पण नेटवर्क नसतं, नेटवर्क असतं पण अॅप पैसे घेत नाही, पैसे जातात पण गनचं लॉक लागत नाही, किंवा सगळं ठीक असतं आणि समोर कुणीतरी डिझेलची गाडी लावून जेवायला गेलेलं असतं. यावर एकच उपाय खात्रीचा आहे: निघण्याआधी फोन. बहुतेक चार्जर हॉटेलच्या आवारात असतात. अॅपमधल्या कस्टमर केअरपेक्षा त्या हॉटेलचा नंबर शोधा आणि गल्ल्यावरच्या माणसाला विचारा, 'आज सकाळी कुणी गाडी लावली होती का?' त्याने बघितलेलं असतं. शिवाय प्रत्येक थांब्याला पुढे-मागे वीस-तीस किलोमीटरवर दुसरा पर्याय ठरवून ठेवा आणि पंचवीस टक्के शिल्लक असतानाच पहिल्या थांब्यावर पोहोचा. तीन-चार कंपन्यांची अॅप्स घरी वायफायवर बसून डाउनलोड करा, नोंदणी करा, वॉलेटमध्ये थोडे थोडे पैसे टाका. घाटात, रेंज नसलेल्या जागी ओटीपीची वाट बघण्यासारखा मनस्ताप नाही.

मशीनवर 60 किलोवॉट लिहिलेलं असलं तरी त्याला दोन गन असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागलेली असेल, तर बहुधा प्रत्येकीला तीसच मिळतात. तुमची गाडी मुळात किती वेगाने वीज घेते, तेही माहीत करून घ्या. 120 च्या मशीनवर लावली म्हणून तिशीची गाडी 120 ने भरत नाही. आणि ऐंशी टक्क्यांनंतर वेग इतका मंदावतो की शेवटच्या वीस टक्क्यांना कधीकधी आधीच्या साठइतकाच वेळ लागतो. मागे कुणी थांबलेलं असेल तर ऐंशीला गन काढा. गाडीच्या काचेत मोबाइल नंबर दिसेल असा ठेवूनच चहाला जा.

फास्ट चार्जरचा दर बहुतेक ठिकाणी युनिटला अठरा ते पंचवीस रुपयांच्या घरात असतो, वर जीएसटी. प्रवासात तो द्यायचाच, रोजच्यासाठी नको. टोलचं मात्र लक्षात ठेवा. राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. अटल सेतूवर ती ऑगस्ट 2025 पासून लागू झाली. फास्टॅगवर गाडीची नोंद बरोबर आहे का ते तपासा आणि पैसे कापल्याचा मेसेज आला तर जपून ठेवून तक्रार करा.

बॅटरीच्या काळजीबद्दल थोडक्यात. गाडीच्या पुस्तिकेत बॅटरीचा प्रकार बघा. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर अधूनमधून साध्या चार्जरवर शंभर टक्के भरावी, नाहीतर उरलेल्या टक्क्यांचा अंदाज चुकायला लागतो. निकेलवाली असेल तर रोज ऐंशीपर्यंतच. दोन्ही बाबतीत पुस्तिका सांगेल ते शेवटचं. बोनेटखालची 12 व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, म्हणून तीन-चार वर्षांनी ती तपासून घ्या. गाडी बंद पडली तर ती सपाट ट्रकवरच चढवून न्यायची, चाकं रस्त्यावर ठेवून ओढायची नाही. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी सर्व्हिस सेंटरने तपासल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही.

गणपतीला गावी

कोकणातल्या घरी जाणाऱ्यांसाठी हे वेगळं लिहितो, कारण गणपतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत चिपळूण, लांजा, कणकवलीच्या चार्जरवर सगळेच येतात आणि पावसात वीजही जाते. तुमचा भरवशाचा चार्जर गावच्या घरातच हवा. त्याची तयारी मे महिन्यात, सुट्टीत गेल्यावर करून ठेवा. जुन्या घरांत दिव्यांची वायर पातळ असते, तिच्यावर गाडी लावली तर भिंतीतली वायर तापेल. मीटरपासून पडवीपर्यंत नवी वायर आणि नवा खड्डा, एवढं काम स्थानिक वायरमन एका दिवसात करतो. जांभ्या दगडाच्या जमिनीत अर्थिंग सहज लागत नाही. खड्डा विहिरीजवळ किंवा न्हाणीच्या सांडपाण्याच्या बाजूला, जिथे माती बारमाही ओली असते तिथे घ्या. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर गाडीत कायम ठेवा. कुठल्याही घरात, लॉजवर गाडी लावण्याआधी वायर उलटसुलट नाही ना आणि अर्थ जोडलेली आहे ना, हे तो क्षणात दाखवतो. अर्थिंग किती चांगलं आहे ते मात्र तो सांगत नाही, त्यासाठी मीटरच लागतो.

गावाच्या टोकाला असलेल्या घरात संध्याकाळी आरत्यांच्या वेळी व्होल्टेज खूप खाली जातं आणि चार्जर मध्येच थांबतो. रात्री अकरानंतर लावा. चार्जरवर अँपिअर कमी करण्याची सोय असेल तर आठ-दहावर ठेवा. दहा अँपिअरने रात्रभरात दहा तास मिळाले तर गाडीत वीस युनिटं जातात, सव्वाशे-दीडशे किलोमीटरची बेगमी होते. दोन रात्रींत चाळीस युनिटांची बॅटरी भरते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निघायचं असेल तर आदल्या रात्रीच्या भरवशावर राहू नका, त्याच रात्री वीज जाण्याची शक्यता धरा. दोन रात्री आधीपासून लावा आणि परतीला शंभर टक्के भरूनच निघा, कारण या वेळी कुंभार्ली किंवा आंबा घाट चढायचा आहे आणि वर पोहोचेपर्यंत भरलेल्या बॅटरीत उतरणीच्या विजेला जागा झालेली असते.